इतिहासातलं रोजचं जगणं : मुलांसाठी पुस्तक कसं पारखावं

नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगवेगळ्या काळातल्या साध्या माणसांच्या जगण्यावरची पुस्तकं हवी आहेत, सगळीच चित्रांनी भरलेली आणि सारखी दिसतात, तर निवडायची कशी आणि मुलांबरोबर वाचायची कशी, असा तुमचा प्रश्न आहे. उत्तर जरा लांबेल, कारण या प्रकारात चांगलं पुस्तक आणि टाकाऊ पुस्तक वरवर चाळून ओळखू येत नाही.

पुस्तक हातात आलं की आधी एकच बघा: 'हे आपल्याला कशावरून कळलं' याचं उत्तर ते मुलांना देतं का? राजांच्या इतिहासामागे शिलालेख, नाणी, तहनामे असतात. साध्या माणसाचा पुरावा मात्र उकिरड्यात, फुटक्या खापरांत आणि जळक्या धान्यात सापडतो. तो कसा वाचायचा हे सांगणारं पुस्तक मुलांना विचार करायला शिकवतं. ते न सांगणारं पुस्तक फक्त 'तेव्हा असं होतं' म्हणतं, आणि मुलं ते पाठ करून विसरतात.

इजिप्तमधल्या डेर अल-मदिना या गावाचं उदाहरण घ्या. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे कुटुंबासह राहत. इथे सापडलेल्या, दुसऱ्या रामेसिसच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षातल्या एका दगडी कपचीवर कामगारांचा हजेरीपट आहे. ४० माणसांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि त्यांच्या वर कारणं लाल शाईत. कुणी आजारी होता, कुणाला विंचू चावला होता, कुणी बिअर करत होता, तर कुणी घरातल्या मृताच्या अंत्यसंस्कारात गुंतला होता. हा दगड दाखवून मग 'कामगारांना सुट्टी मिळायची' असं लिहिणारं पुस्तक आणि नुसतंच ते वाक्य लिहिणारं पुस्तक, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मुलांच्या दृष्टीने याहून मोलाचा पुरावा रशियातल्या नोवगोरोदचा. तिथल्या ओल्या चिखलात भूर्जाच्या सालीवर कोरलेली पत्रं शतकानुशतकं टिकली. त्यांत ओन्फिम नावाच्या मुलाच्या साली आहेत. काळ तेराव्या शतकाच्या मध्याचा, वय साधारण सहा-सात. एका सालीवर त्याने मुळाक्षरं गिरवायला घेतली, अकरा अक्षरं झाल्यावर कंटाळला आणि खाली चित्र काढलं: घोड्यावर बसलेला वीर आडव्या पडलेल्या शत्रूला भाला खुपसतोय. वीराच्या शेजारी नाव स्वतःचंच. दुसऱ्या सालीवर वळलेल्या शेपटीचा प्राणी आहे आणि सोबत मजकूर: 'मी जंगली जनावर आहे.' त्याने काढलेल्या माणसांच्या हाताला कधी तीन बोटं, कधी पाच. मध्ययुगावरच्या पुस्तकात ओन्फिम असेल तर ते पान मुलांसमोर आधी उघडा.

आता काळाबद्दल. 'प्राचीन इजिप्तमधलं घर' असा मथळा असेल तर लगेच विचारायचं, कोणत्या सालातलं? गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सन पूर्व २५६० च्या आसपासचा, तुतनखामेन या इजिप्तच्या राजाचा मृत्यू इ.स.पू. १३२५ च्या सुमाराचा. मध्ये बाराशेहून जास्त वर्षं. पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या चित्रात घोड्याचा रथ दिसला तर चित्रकाराने दोन्ही काळ एकत्र कालवले आहेत हे नक्की, कारण इजिप्तमध्ये घोडा आणि रथ त्यानंतर कितीतरी शतकांनी आले. 'अश्मयुग', 'कांस्ययुग', 'लोहयुग' यांचंही तेच: जगभर ती एकाच वेळी सुरू झाली नाहीत आणि संपलीही नाहीत. चांगल्या पुस्तकात प्रत्येक जोडपानावर ठिकाण, अंदाजे साल आणि घर कोणाचं आहे, या तिन्ही गोष्टी असतात.

तिसऱ्या गोष्टीवर जास्त भर देतो. रोमन जगण्याच्या बहुतेक पुस्तकांत अंगण, कारंजं आणि भिंतीवरची चित्रं असलेलं एकच घर असतं. ते श्रीमंताचं. रोम किंवा त्याचं बंदर ऑस्टिया इथली बहुसंख्य माणसं मजल्यांच्या इमारतींत भाड्याने राहत, वरच्या खोल्यांना धड स्वयंपाकघर नसे, म्हणून बाहेरून खाणं आणावं लागे. शिवाय त्या श्रीमंत घरातलं पाणी, चूल, झाडलोट गुलामांच्या अंगावर होती. वाक्यांकडे नीट बघा: 'पाणी आणलं जाई', 'जेवण वाढलं जाई', 'कपडे धुतले जात.' आणणारा, वाढणारी, धुणारे कोण? एका जोडपानावर अशी तीन-चार वाक्यं दिसली तर राबणारी माणसं लेखकाने पुसून टाकली आहेत, असं समजा.

सर्वात जास्त वगळलं जाणारं काम म्हणजे सूतकताई. चित्रात माग हमखास असतो, टकळी क्वचित. प्रत्यक्षात वेळ जायचा तो टकळीवर. हा हिशेब मुलांना करायला द्या: एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापड, सेंटीमीटरला १० धागे. उभे धागे १०००, आडवे १०००, प्रत्येक एक मीटरचा, म्हणजे दोन किलोमीटर सूत. सरावलेला हात टकळीवर तासाला साधारण ४०-५० मीटर काढतो. म्हणजे एवढ्याशा तुकड्यासाठी नुसतं सूत काढण्यात ४० ते ५० तास गेले, विणकाम अजून सुरूही नाही. हे कळल्यावर जुन्या काळी कपडे ठिगळं लावून का वापरत आणि मृत्युपत्रात जुना अंगरखा कुणाला जाईल हेही का लिहीत, ते सांगावं लागत नाही.

चित्रं तपासताना पुढच्या गोष्टी चटकन पकडता येतात. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, सूर्यफूल आणि निवडुंगातला फड्या ही अमेरिका खंडातली झाडं. १४९२ पूर्वीच्या युरोप, आशिया किंवा आफ्रिकेतल्या बाजारात ती दिसली तर चूक. रोमन घोडेस्वाराच्या पायात रिकीब नको. चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत आला, त्याआधीच्या लेखनिकाच्या नाकावर नको. घासून पेटणारी काडी १८२० च्या दशकातली. त्याआधी गारगोटी-पोलाद, किंवा शेजारून निखारा. उलट खिडकीची काच दिसली म्हणून लगेच चूक समजू नका, रोमन लोकांकडे पहिल्या शतकात ती होती. अंधाराकडेही लक्ष द्या. तेलाचा एक दिवा जेमतेम मेणबत्तीएवढा उजेड देतो, पण चित्रांत रात्रीची खोली कोपऱ्यापर्यंत लख्ख असते. चित्रकाराने अंधार अंधारासारखा काढला असेल तर त्याने अभ्यास केलाय असं मी धरतो.

वेळेचंही तसंच. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा तास करत, त्यामुळे रोममध्ये उन्हाळ्यातला तास आपल्या सुमारे ७५ मिनिटांचा आणि हिवाळ्यातला ४५ मिनिटांचा. 'सकाळी सात वाजता मार्कस उठला' असं लिहिणारं पुस्तक ही मजेदार गोष्ट हातची घालवतं.

काही ठरलेल्या चुका सगळीकडे फिरतात. 'तेव्हा माणसं तिशीतच मरत' ही त्यातली पहिली. सरासरी आयुर्मान तीस-पस्तीस निघतं कारण खूप मुलं लहानपणीच दगावत. त्यातून वाचलेली पुष्कळ माणसं साठी गाठत. 'सडक्या मांसाचा वास झाकायला मसाले घालत' हेही पटण्यासारखं नाही: मसाले महाग होते, ज्याला ते परवडत त्याला ताजं मांसही परवडे. 'मध्ययुगात कोणी अंघोळच करत नसे' म्हणणाऱ्या लेखकाला तेराव्या शतकातल्या पॅरिसची सार्वजनिक स्नानगृहं माहीत नाहीत. या तिन्हींपैकी दोन सापडली तर पुस्तक परत ठेवा.

मोहेंजोदडोवरची पुस्तकं वेगळ्या कसोटीवर पारखावीत. तिथे विटांचं १:२:४ हे प्रमाण, घरोघरच्या न्हाण्या, झाकलेली गटारं आणि मातीच्या खेळण्यातल्या गाड्या असा भरपूर पुरावा आहे. पण लिपी अजून उलगडलेली नाही, म्हणून तिथल्या एकाही मुलाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. गोष्टीत नाव जरूर द्यावं, संवादही लिहावेत, फक्त शेवटी 'हे आम्ही रचलंय' हे सांगायला हवं.

वयाचं म्हणाल तर नऊ वर्षांच्या मुलाला एकाच जागेचं वेगवेगळ्या काळातलं चित्र दाखवणारं पुस्तक सर्वांत रुचतं: तीच नदी, तोच काठ, पानागणिक बदलणारी वस्ती. त्याहून लहान मुलांना एका वस्तूचा प्रवास पुरतो, पलंग, दिवा किंवा शौचकूप. बारा वर्षांच्या मुलीला काल्पनिक रोजनिशी द्या, पण मागे पुराव्याची पानं असलेलीच. मोठे कोश शोधायला ठीक, सलग वाचायला नाही. एका बैठकीत एकच जोडपान, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मजकुराआधी चित्र: पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, उजेड कशाचा, सगळ्यात जास्त दमलेलं माणूस कोणतं?

सोबत कागदाची पाच मीटरची पट्टी भिंतीला लावा, एक सेंटीमीटर म्हणजे दहा वर्षं. आजपासून मागे मोजलं की ओन्फिम ७७ सेंटीमीटरवर, इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक (इ.स. ७९) १९५ वर, तुतनखामेन ३३५ वर, मोठा पिरॅमिड ४५८ वर येतो. इ.स.पू.ची वर्षं मुलं उलटी लावतात, तेव्हा आधी इ.स. १ ची खूण करून दोन्ही बाजूंना मोजायला सांगा.

उरला प्रश्न त्रासदायक पानांचा. मोठीसाठी ब्रिटनमधल्या खाणींवरचं पुस्तक घेणार असाल तर त्यात १८४२ च्या चौकशी अहवालातल्या मुलांचे जबाब आहेत का ते बघा. गॉबर खाणीतली आठ वर्षांची साराह गूडर हवेचं दार उघडायला-लावायला बसायची. पहाटे चारला, कधी साडेतीनला आत जायची आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर यायची. दिवा नसायचा. उजेड असला तर कधी गाते, अंधारात गायची हिंमत होत नाही, असं तिने सांगितलंय. त्याच वर्षीच्या कायद्याने मुली, बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी झाली. बारा वर्षांच्या मुलीला हा जबाब पूर्ण वाचू द्या, कायद्याचं पान त्याच बैठकीत. नऊ वर्षांच्याला दाराचं काम काय होतं, हवा का खेळती ठेवावी लागे, इतकंच आधी समजावून द्या. साराहबद्दल तो स्वतः विचारेल तेव्हा खरं ते सांगा, आणि रात्री झोपायच्या वेळी हे पान काढू नका.