सगळे दगड काळेच दिसतात, मग भूशास्त्राची सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की अग्निज, स्तरित, रूपांतरित हा तक्ता तोंडपाठ आहे, पण ट्रेकला गेल्यावर सगळे दगड सारखेच काळे दिसतात. पुढे भूशास्त्र घ्यायचंय, तर सुरुवात कुठून करू? शिवाय सह्याद्री म्हणजे झोपलेला ज्वालामुखी, हे खरं का?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. खरं नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा पसरला. आज त्यातला सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा पसारा उरलाय. आपण चढतो ती शिखरं म्हणजे या थरांची झीज होऊन मागे राहिलेले भाग. भेगांतच अडकून थिजलेल्या लाव्ह्याच्या सरळसोट भिंती बघायच्या असतील तर धुळे-नंदुरबारकडे जा. झोपलेलं वगैरे काही नाही, तो विषय कधीच संपला.

आता काळे दगड. पुणे, नगर, नाशिक, सातारा या पट्ट्यात फिरत असाल तर काळेच दिसणार, कारण तिथे जवळपास सगळा बसॉल्ट, म्हणजे त्याच थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक आहे. तिथे तक्त्यातले तीन प्रकार शोधत हिंडणं ही फुकटची पायपीट. तक्ता परीक्षेपुरता ठेवा आणि एकाच बसॉल्टमधले फरक ओळखायला शिका. एवढं ठासून सांगायला कारण आहे आमच्या मामांची विहीर.

मामांची जमीन पारनेर तालुक्यात. विहीर आजोबांच्या वेळची, वरच्या मातीपुरतं दगडी बांधकाम आणि खाली उघडा कातळ. मी बीएस्सीला असताना एका उन्हाळ्यात ती कोरडीठाक पडली, म्हणून मी चाकू आणि वही घेऊन तळापर्यंत उतरलो. वरून खाली क्रम असा होता: काळी माती, मुरूम, मग उभ्या-आडव्या भेगा पडलेला काळा फत्तर. त्याखाली वीतभर जाडीचा विटकरी लाल पट्टा, अख्ख्या विहिरीला वळसा घालून गेलेला. आणि पट्ट्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक.

यात दोन वेगवेगळ्या वेळचे लाव्ह्याचे थर आहेत. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. डेन्मार्कच्या स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडलेला हा नियम इतका सोपा वाटतो की विद्यार्थी तो पाठ करतात आणि वापरायचा विसरतात. लाव्हा थिजताना आतला वायू बुडबुडे होऊन वर चढतो आणि माथ्याजवळ अडकतो, घावनाला जाळी पडते तसा. त्यामुळे असा जाड जाळीदार पट्टा दिसला की बहुतेक वेळा तिथे एका थराचा माथा आला असं समजायचं. दोन थरांमध्ये बराच काळ गेला तर त्या माथ्याची माती होते, तिच्यातलं लोह गंजून लाल होतं आणि वरून येणारा पुढचा लाव्हा तिला भाजून काढतो. तोच तो लाल पट्टा.

भोकं रिकामी नव्हती, पांढऱ्या खनिजांनी भरलेली होती. काहींवर चाकूचा ओरखडा उठायचा, काहींवरून चाकू नुसता घसरायचा. ओरखडा उठतो ते कॅल्साइट नाहीतर झिओलाइट, उठत नाही ती गारगोटी. त्यातही विरळ अ‍ॅसिडचा थेंब टाकून फसफसलं तर कॅल्साइट. ही चाचणी तक्त्यातल्या तीस ओळींपेक्षा जास्त शिकवते. (अ‍ॅसिड शाळेच्या प्रयोगशाळेतलं घ्या, सरांना विचारून. घरचं संडास साफ करायचं नको.)

मुख्य गोष्ट पाण्याची. मांजऱ्यात भोकं दिसली की गावात सगळे खूश होतात, आता पाणी लागणार. पण भोकं एकमेकांना जोडलेली नसतील किंवा खनिजांनी बुजलेली असतील, तर त्यातून पाणी वाहणार कसं? पाणी वाहतं ते भेगांतून आणि झिजलेल्या खडकातून. मामांच्या विहिरीत ओल होती ती बरोबर लाल पट्ट्याच्या वर, फत्तराच्या भेगांच्या तोंडाशी, आणि तिथे क्षारांचे पांढरे ओघळ सुकलेले होते. पट्टा चिकणमातीचा, खाली पाणी सोडत नाही, म्हणून ते आडवं सरकत विहिरीत येतं. मी वर येऊन मामांना म्हटलं, पट्ट्याच्या वर हातभर जागा सोडून आडव्या बोअर मारा.

मामांनी पाणाड्या आधीच सांगून ठेवला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून माळावर फिरला, नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली. साडेतीनशे फुटांवर दोन इंची पाणी, म्हणाला. गाडी आली, रात्रभर दणदणाट. साडेतीनशेला फुफाटा, चारशेलाही फुफाटाच. सकाळी सगळ्यांच्या पापण्यांवर राखाडी पीठ बसलेलं. मामा म्हणाले, "अजून शंभर मारू, खाली पाताळात पाणीच पाणी आहे." पाताळाचंही सांगतो. १९६७ च्या भूकंपामुळे कोयनेचा परिसर अभ्यासाचा विषय झाला, आणि पुढे तिथे संशोधनासाठी खोल बोअर घेतल्या तेव्हा एक-सव्वा किलोमीटर बसॉल्टनंतर ग्रॅनाइट लागला. पाताळ असं आहे.

पुढच्या वर्षी हात टेकून मामांनी आडव्या बोअर मारल्या. पाणी आलं. फार नाही, पण ज्वारी निघाली आणि जनावरांना टँकर लागला नाही. आणि मामा आजही गावभर काय सांगतात? "पाणाड्याने तेव्हाच विहिरीकडे हात केला होता, आपणच चुकीच्या जागी मारली."

तर सुरुवात. जवळची उघड्या कातळाची विहीर, खाण किंवा घाटातला कापलेला रस्ता शोधा. कात्रज, खंबाटकीला गाडीतून जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा का दिसतो ते स्वतःशी सोडवा: टणक फत्तराचा कडा, मऊ माथ्याची सपाटी, परत कडा. दिसेल ते वहीत काढा, खालून वर, जाडीसकट. फोटोने काम भागत नाही, कारण फोटो काढताना आपण बघत नाही. हातोडा किल्ल्यांवर चालवू नका. पुस्तकं नंतर. करिअरचं म्हणाल तर नुसत्या बीएस्सीवर फार काही हाती लागत नाही, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची वेगळी परीक्षा असते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. एमएस्सी करायची तयारी नसेल तर घरच्यांना आत्ताच सांगून टाका.

हे सगळं बसॉल्टच्या पट्ट्यापुरतं. कोकणात असाल तर अंगणात जांभा, सिंधुदुर्गात त्याहून कितीतरी जुने खडक. आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडचे असाल तर माझं वरचं बरंचसं सोडून द्या; तुमच्याकडे ग्रॅनाइट, नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक), चुनखडी, कोळसा असं सगळं आहे आणि तक्ता तुम्हाला खरंच उपयोगी पडेल. दुसरं, भूशास्त्र शिकलेला माणूस दाखवेल तिथे पाणी लागेलच असंही नाही. बसॉल्टमध्ये शंभर फूट बाजूला सरकलं की भेगांचं गणित बदलतं. फक्त तो का लागलं आणि का नाही हे सांगू शकतो, पुढच्या वेळी सुधारू शकतो.

पाणाड्यावर विश्वास असलेलं कोणी तुमच्या घरी असेल, असणारच, तर एक करा. त्याच माणसाला त्याच शेतात डोळे बांधून दुसऱ्यांदा फिरवा. नारळ पहिल्याच फुलीवर उभा राहिला तर पुढच्या बोअरचे पैसे माझे. मामांना हे कधीचं सांगतोय. ते म्हणतात, देवाची परीक्षा घेऊ नये.