मराठी स्पॅमसाठी स्पॅमअसॅसिनमध्ये स्वतःचे नियम कसे लिहावेत?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन (मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा प्रोग्राम) चालू आहे, इंग्रजी कचरा अडतो, पण ‘पाच मिनिटांत लोन’ आणि ‘घरबसल्या नोकऱ्या’ असले मराठी मेल थेट इनबॉक्समध्ये येतात. शिवाय तुम्ही लिहिलेला नियम लागूच होत नाही. मी एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो. या दोन्ही अडचणींतून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम का लागत नाही ते बघू. तुम्ही शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण, म्हणजे उलट्या तिरप्या रेघेपुढचा ‘बी’, लावली असणार. स्पॅमअसॅसिन मजकूर अक्षरांनी नाही, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) च्या बाइटांनी तपासतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटांची असते, आणि पर्लच्या (ज्या भाषेत स्पॅमअसॅसिन लिहिलंय तिच्या) लेखी ते बाइट ‘शब्दातलं अक्षर’ नसतातच. त्यामुळे मोकळी जागा आणि ‘लो’ यांच्यामध्ये त्याला सीमाच दिसत नाही. नियम तपासणीत बिनचूक ठरतो, पण कधीच लागत नाही. चौकटी कंसाचंही तेच. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही चालावेत म्हणून दोन वेलांट्या चौकटी कंसात टाकल्यात तर तो त्यांतला एकेक बाइट उचलतो. तिथे साधा गोल कंस आणि मध्ये उभी रेघ वापरा.

मग सीमा कशी सांगायची? शब्दाच्या आधी ‘मजकुराची सुरुवात किंवा मोकळी जागा’ एवढी अट घाला आणि शेवट मोकळा सोडा. मराठीत ‘लोनचे’, ‘लोनसाठी’, ‘लोनवर’ असे प्रत्यय चिकटतात, त्यामुळे शेवटची सीमा लावली तर निम्मे मेल सुटतात. सुरुवातीची सीमा मात्र विसरू नका. मी विसरलो होतो, आणि ‘लोन’चा नियम ‘सलोनी’ या नावालाही लागायला लागला. त्यात मी त्या एका शब्दाला थेट 5 गुण दिले होते. स्पॅम ठरवण्याची मूळ मर्यादाच 5 आहे, म्हणजे दुसरं काहीही न बघता मेल बाद! पतसंस्थेत लोन हा रोजचा शब्द. एका कर्जदाराने वेळेत पाठवलेली कागदपत्रं चार दिवस स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून होती आणि तो बिचारा फोन करत राहिला. तेव्हापासून मी एकट्या शब्दाला अर्ध्या गुणापेक्षा जास्त देत नाही.

वजन द्यायचं ते जोडीला. ज्या नियमाचं नाव दोन अंडरस्कोअरने सुरू होतं त्याला स्वतःचा गुण नसतो. असे लहान नियम लिहून ‘मेटा’ नियमात एकत्र बांधा. माझा सगळ्यात उपयोगी पडलेला नियम असा आहे: पाठवणाऱ्याच्या नावात ‘बँक’ आहे, पत्ता मात्र जीमेलसारख्या फुकट सेवेचा आहे, आणि मजकुरात ‘लोन’ आहे. तिन्ही जुळले तर 2.5. आमचे खरे कर्जदारही जीमेलवरूनच ‘लोन’ लिहितात, पण स्वतःच्या नावापुढे बँक लावत नाहीत. फ्रॉम हेडरमधलं नाव आणि पत्ता वेगवेगळे तपासता येतात, हे मला फार उशिरा कळलं.

‘नोकऱ्या’मध्ये आणखी एक फसगत आहे. त्यातला ‘ऱ्य’ काही कीबोर्ड वेगळ्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. दोन्ही रूपं नियमात घाला, नाहीतर सरळ ‘नोक’पर्यंतच शोधा.

नियम एटीसी फोल्डरमधल्या लोकल डॉट सीएफमध्ये ठेवा. मूळ नियमांच्या फाइलींना हात लावू नका, पुढच्या अपडेटला तुमचे बदल पुसले जातील. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. लिंट (नियमांतल्या चुका शोधणारी तपासणी) चालवा, मग डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा स्पॅमअसॅसिन, पुन्हा सुरू करा. आवृत्ती 4 च्या आधीची असेल तर ‘नॉर्मलाइझ कॅरसेट’ (मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये आणणारी सेटिंग) चालू आहे का तेही बघा.

सुरुवातीला गुण 0.01 ठेवा. शून्य ठेवलात तर नियम चालतच नाही, आणि गुण लिहिलाच नाहीत तर 1 धरला जातो. दोन आठवडे चांगल्या मेलांचे एक्स-स्पॅम-स्टेटस हेडर उघडून बघा. लागलेल्या नियमांची नावं तिथे असतात. तुमचा नियम चांगल्या मेलांत एकदाही दिसला नाही, तरच गुण वाढवा. तोवर बेझला (स्पॅमअसॅसिनमधली, नमुन्यांवरून शिकणारी गाळणी) मराठी मेल शिकवत राहा. किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय ते काम सुरू करत नाही.

आणि खऱ्या बँकेचे मेल सोडवण्यासाठी नुसत्या फ्रॉम पत्त्यावर सूट देऊ नका, तो पत्ता कोणीही लिहू शकतो. ‘वेलकमलिस्ट ऑथ’ वापरा, म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का हे पडताळायच्या पद्धती) खरं ठरलं तरच सूट मिळते. जुन्या आवृत्तीत याचं नाव ‘व्हाइटलिस्ट ऑथ’ आहे.