वेल्समध्ये स्नोडन सोडून गर्दी नसलेलं कोणतं शिखर पाहावं? सत्तरीच्या आई-वडिलांना नेता येईल का?

आरेनिग वौर. बाला गावाच्या पश्चिमेला, उंची ८५४ मीटर. दुसरी नावं शोधत बसू नका.

स्नोडनवर १८९६ पासून रेल्वे जाते, माथ्यावर उपाहारगृह आहे आणि सुट्टीच्या दिवशी फोटोसाठी रांग लागते. हौस असेल त्याने खुशाल जावं.

माझे मेव्हणे ठाण्याहून आमच्याकडे लिव्हरपूलला आले तेव्हा त्या रेल्वेची तिकिटं संपली होती, म्हणून त्यांना आरेनिगला नेलं. पायथ्याशीच सुरुवात झाली: "जावईबापू, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. हे काय, टेकाड?" वाटेतल्या आरेनिग तळ्यापर्यंत बरी गाडीवाट आहे. पुढे दलदल. वरून नुसतं गवत दिसतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत काळं पाणी. तिथे टेकाडवाल्यांची बडबड थांबली.

माथ्यावर दगड रचून केलेला गोल आडोसा आहे आणि तिथे पाटीच्या दगडावर आठ नावं कोरलेली आहेत. ऑगस्ट १९४३ मध्ये सरावाला निघालेलं अमेरिकन बी-१७ बॉम्बर विमान रात्री या डोंगरावर आदळलं, आठही जण गेले. धातूचे तुकडे अजून पडलेले असतात. मेव्हण्यांनी एक उचलला: तळहाताएवढा, कडेला रिव्हेटची सरळ ओळ, गंजाचा मागमूस नाही. खिशात घालणार तेवढ्यात मी ठेवायला लावला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकतोय, "जावयाने भंगार बघायला नेलं होतं."

धुकं सरलं तसं खाली लिन केलिन दिसलं. आमच्या लिव्हरपूलच्या पाण्यासाठी केलेलं धरण. १९६५ मध्ये त्यात कापेल केलिन हे गाव गेलं, शाळा, प्रार्थनाघर, पोस्टासकट. या धरणासाठी केलेल्या १९५७ च्या कायद्याच्या बाजूने वेल्सच्या एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये! हे सांगितलं तर मेव्हणे म्हणतात, "धरणं काय, आपल्याकडे कमी आहेत?" आता बोला.

कळसूबाईला मीही जातो, प्रेमाने जातो. पण तिथे अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. इथे काही ठिकाणी वाटच दिसत नाही. डोंगर मीटरवर तोलणाऱ्यांनी घरी बसून नकाशा वाचावा.

हां, आई-वडिलांचं राहिलं. त्यांना माथ्यावर नेऊ नका. आरेनिग तळ्याच्या बांधापर्यंत न्या, तिथे आडोशाला छोटी दगडी खोली आहे. स्वतः वर जाणार असाल तर कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. पावसानंतरचे एक-दोन दिवस टाळा, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं हे धरून सकाळीच निघा. वर चहा मिळत नाही, थर्मास न्या. मेव्हण्यांची तेवढी एक तक्रार रास्त होती.