म्युझियममधले कपडे बघायचे कसे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमची लेक फॅशन डिझाइन शिकते. तिला मुंबईला म्युझियममधलं जुन्या कपड्यांचं दालन बघायला जायचंय आणि तूही चल म्हणून माझ्या मागं लागलीय. मी असलं एक प्रदर्शन मागं बघितलंय, सगळा अंधार, काचेच्या आत पुतळे उभे, हात लावायचा नाही. एवढ्या लांब जाऊन बघायचं काय त्यात? साड्या तर इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला रोज बघतोच की.
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : काकू, जावा. लेक स्वतःहून चल म्हणतेय तर नक्की जावा.

आधी अंधाराचं सांगते, कारण तिथंच बऱ्याच जणांचा मूड जातो. जुन्या कापडाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उजेड. रंग उडतो, रेशीम आतून कमजोर होतं आणि एकदा झालेलं नुकसान परत भरून येत नाही, म्हणून जगभरातली म्युझियम कापडावर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवतात. आपल्या ऑफिसात 300 ते 500 लक्स असतो आणि बाहेर दुपारच्या उन्हात तर हजारोंनी. त्यामुळं आत गेल्या गेल्या काही दिसत नाही म्हणून पुढं पळू नका, पाच-दहा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या, मग जरीची तार चमकायला लागते बघा. हात लावू देत नाहीत ते पण उगीच नाही, आपल्या बोटांना घाम आणि तेल असतं ते धाग्यात शिरतं.

आता बघायचं काय. दुकानात आपण साडी बघतो ती मला कशी दिसेल, कितीला आहे, रंग जाईल का एवढ्यासाठी. म्युझियममध्ये ते सगळं सुटतं आणि नजर मोकळी होते. एकच कपडा निवडा आणि त्याच्यासमोर निवांत उभ्या रहा. समजा पैठणी आहे, तर पदराचा मागचा भाग कुठं दिसतोय का बघा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत विणतात, त्यामुळं पुढून-मागून नक्षी सारखीच दिसते, यंत्रावरच्या नकलेला मागं लोंबणारे धागे असतात. मग घडीच्या रेषा बघा, वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली साडी नेमकी त्याच रेषेवर फाटते. निऱ्यांच्या खालचा काठ घासलाय का, खांद्याजवळ टाचणीची भोकं आहेत का तेही बघा. म्हणजे ती कुणीतरी नेसलीय, मिरवलीय, जपून ठेवलीय, हे सगळं कापडावर उमटलेलं असतं. आणि हे तुम्हाला लेकीपेक्षा लवकर दिसेल, इतकी वर्षं साड्या नेसलेली, धुतलेली नजर आहे तुमची, तिला दाखवा.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कापड आणि पोशाखांचं वेगळं दालन आहे, तिथून सुरुवात करा. आणि एक, सगळं म्युझियम एका दिवसात उरकायच्या नादाला लागू नका, पाय भरून येतात आणि लक्षात काहीच राहत नाही.

प्रश्न : मी टेलर आहे, शिक्षण बेताचंच. फॅशनची प्रदर्शनं आमच्यासारख्यासाठी असतात का? तिथं सगळी इंग्रजी बोलणारी मोठी माणसं येत असणार.
– एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : दादा, तुमच्यासाठी नाही तर मग कुणासाठी? मी अगदी मनापासून सांगते, त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त कळणारा माणूस तुम्ही असाल.

फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचं नाव कदाचित ऐकलं असेल. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा, सोळाव्या वर्षी शाळा सोडून सॅव्हिल रो नावाच्या टेलरांच्या गल्लीत शिकाऊ म्हणून लागला, तिथं कोट शिवायला शिकला. 2010 साली तो वारला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं त्याच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं. साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी ते बघितलं, शेवटी शेवटी गर्दी आवरेना म्हणून मध्यरात्रीपर्यंत उघडं ठेवावं लागलं. लांबट शिंपल्यांचा एक अख्खा ड्रेस केला होता त्यानं. लोक शिंपले बघून थक्क होतात, पण ते अंगावर बसवायचे तर खालचं कटिंग किती पक्कं लागत असेल याचा विचार टेलरच करणार ना.

तर गेलात की मुंढा (बाही जोडायचा गोल) बघा, बाही कशी बसवलीय बघा. जुन्या अंगरख्यात टक्स (फिटिंगसाठी घालतात त्या चिमट्या) नसतात, मग छातीला फिटिंग कुठून आणलंय? कळ्या मोजा, काखेत लावलेला चौकोनी तुकडा शोधा, हात वर केला तरी कपडा ओढू नये म्हणून तो असतो. टीप हाताची का मशीनची, टाका कुठं बदललाय, अस्तर नंतर घातलंय का, कुठं उसवून मोठा केलाय का. म्युझियममध्ये पुतळ्याच्या मापाला कपडा करता येत नाही, कपड्याच्या मापाला पुतळा करावा लागतो, आतून कापूस आणि पॅडिंग भरून. तो ज्याचा कपडा होता त्याचा बांधा कसा होता, एक खांदा उतरता होता का, हे तुम्हाला बरोबर कळेल. इंग्रजी पाटी नाही वाचता आली तरी चालतंय, शिवण वाचता येते तुम्हाला. आणि तिथल्या माणसाला बिनधास्त मराठीत विचारा.

प्रश्न : ताई, आमच्या घरात आज्जापासून कोल्हापुरी चप्पल करतात. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचं प्रकरण झाल्यापासून डोक्यात सारखं येतं की उद्या आमची चप्पल एखाद्या म्युझियमच्या काचेत ठेवली तरी आमचं नाव तिथं येणार का?
– एक कॉलेजकन्या, सुभाषनगर

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी येत नाही. पाटीवर लिहितात, चप्पल, चामडं, कोल्हापूर, अमुक शतक, संपलं. डिझायनरचं नाव मोठ्या अक्षरात आणि करणाऱ्याच्या जागी फक्त गावाचं नाव, आणि हे मला अजिबात पटत नाही. प्राडानं जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये तशा चपला दाखवल्या तेव्हा तर गावाचं नाव पण नव्हतं, आपल्याकडून ओरडा झाला मग त्यांनी भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. 2019 पासून कोल्हापुरीला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, पण जीआयनं प्रदेशाला संरक्षण मिळतं, तुझ्या आज्जाचं नाव त्यात कुठं बसत नाही.

म्हणून ते नाव तूच लिहून ठेव, आत्ताच. कातडं कुठून येतं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं कमावतात, तळ कोण कापतं, वेणी कोण घालतं (बऱ्याच घरात हे काम बायका करतात आणि त्यांचं नाव तर कुणीच घेत नाही), चामड्याच्या वादीनं खिळ्याशिवाय शिवतात कसं, करकर वाजायला आत काय घालतात. प्रत्येक कामाचा फोटो आणि त्या माणसाचं पूर्ण नाव, गाव, साल. उद्या एखादं म्युझियम चप्पल मागायला आलं तर देताना कागदावर लिहून घ्यायचं की पाटीवर करणाऱ्याचं नाव पाहिजे. आणि तू स्वतः कुठल्याही प्रदर्शनाला गेलीस, तर बाहेर अभिप्रायाची वही असते तिच्यात लिही की हे कुणी केलंय ते सांगा. म्युझियमवाले ती वही वाचतात. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमनं 2017 मध्ये 111 गोष्टींचं फॅशन प्रदर्शन केलं, त्यात साधा पांढरा टी-शर्ट होता, जीन्स होती, आपली साडी पण होती. रोजच्या वापरातल्या वस्तूंना आता तिथं जागा मिळायला लागलीय, तर मग करणाऱ्यांची नावं मागायची हीच वेळ आहे.

प्रश्न : मुंबईला जाणं जमणार नाही. कोल्हापुरात काही बघता येईल का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : येईल की, तुमच्या जवळच आहे. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये छत्रपती घराण्याचे पोशाख, भरतकाम, दागिने आहेत. लोक तिथं शस्त्रं आणि शिकारीचे प्राणी बघून बाहेर पडतात, तुम्ही कपड्यांपाशी थांबा. आणि पुढं कधी अहमदाबादला जायचा योग आला तर कॅलिको म्युझियम चुकवू नका, 1949 पासूनचं आहे आणि कापडासाठी देशात त्याच्या तोडीचं दुसरं नाही. फक्त आधी बुकिंग केल्याशिवाय आत सोडत नाहीत, बुधवारी बंद असतं आणि फोटो काढू देत नाहीत, तेव्हा वही आणि पेन्सिल घेऊन जा.