तिला साप सुंदर दिसला, मग घाबरवायचं कशाला?

प्रिय 'काळजीत पडलेली आई',

तुमची सव्वाचार वर्षांची लेक कुंडीमागच्या सापासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, याच्या अंगावर किती छान नक्षी आहे!" तुम्ही किंचाळून तिला उचललंत. तेव्हापासून ती वहीभर सापच काढते. सासूबाई म्हणतात, आत्ताच भीती घाला, नाहीतर एक दिवस हात घालेल. तुम्ही तिची चित्रं भिंतीवरून काढून टाकलीत आणि आता विचारताय, हिच्यात भीतीच नाही, काही बिघडलंय का?

काहीही बिघडलेलं नाही. या वयाची कित्येक मुलं सापाकडे आधी नक्षी म्हणूनच बघतात. एकासारखे एक ठिपके, ओळीने लागलेले चौकोन, उन्हात हलणारी चकाकी आणि पाय नसताना चालणं, हे सगळं त्यांच्यासाठी नवलाचं असतं. ज्युडी डिलोच आणि व्हेनेसा लोब्यू या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये 3 ते 5 वर्षांच्या मुलांना नऊ-नऊ चित्रं दाखवली. आठ फुलांमधला एक साप मुलांना पटकन सापडला. आठ सापांमधलं एक फूल शोधायला जास्त वेळ लागला. म्हणजे साप त्यांच्या नजरेत चटकन भरतो. पण नजरेत भरणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. पुढच्याच वर्षी त्यांनी 7 ते 18 महिन्यांच्या बाळांना साप आणि इतर प्राण्यांच्या फिल्म दाखवल्या. नुसती फिल्म लावली तेव्हा बाळं सापाला घाबरली नाहीत. सोबत घाबरलेला आवाज ऐकवला, तेव्हा मात्र आनंदी आवाजाच्या वेळेपेक्षा ती सापाकडे जास्त वेळ बघत राहिली. लक्ष मुलांचं आधीच तिथे असतं, त्याला भीती जोडतो तो मोठ्यांचा आवाज.

तुमच्या किंकाळीबद्दल स्वतःला दोष देऊ नका, कोणाच्याही तोंडून निघाली असती. सासूबाईंची काळजीही खरी आहे, फक्त उपाय उलटा पडेल. घाबरलेलं मूल साप दिसला की सैरावैरा पळतं आणि पळताना पाय कुठे पडतोय ते बघत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ओरडा बसेल म्हणून ते साप दिसल्याचं सांगतच नाही. तुमच्या लेकीने तुम्हाला हाक मारून सांगितलं, ही तिची सवय कशानेही मोडता कामा नये.

तिला दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवा: साप आवडतो, आणि सापाला हात लावायचा नाही. "घाणेरडा आहे, वाईट आहे" म्हणालात तर तिला ते पटणार नाही, कारण तिने तो स्वतः पाहिलाय. त्याऐवजी म्हणा, "हो, छान आहे. आपण लांबून बघायचं."

मग सराव. हातभर जाड दोरी घराच्या एखाद्या कोपऱ्यात न सांगता ठेवा. दिसली की तिने जागीच थांबायचं, नजर दोरीवर ठेवून सावकाश दहा पावलं मागे यायचं आणि मोठ्याने तुम्हाला हाक मारायची. पहिल्या आठवड्यात तीन-चार वेळा, पुढे महिन्यातून एकदा, दरवेळी जागा बदलून. साप बहुधा स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून कमी अंतरावर झेप घेतो, पण मुलाला लांबी मोजता येत नाही, म्हणून पावलं ठरवून दिलेली बरी. हाक आली की तुमची पाळी. आवाज खाली ठेवा, तिला मागे घ्या, लांबून सापावर लक्ष ठेवा आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. काठी उचलू नका.

रबरी साप घरात असेल तर एक सांगणं. तो उचलायची सवय हाताला लागते आणि मूल खऱ्यालाही तसंच उचलू पाहतं. खेळणं डब्यातच ठेवा, जमिनीवर पडलेलं दिसलं तर उचलण्याआधी तुम्हाला विचारायचं, हा नियम करा. "हा बिनविषारी दिसतोय, लाव हात" असं तर कधीच नको. विषारी घोणशीच्या पाठीवर तपकिरी साखळीसारखे सुरेख ठिपके असतात आणि मोठी माणसंही तिला अजगराचं पिल्लू समजून फसतात. मेलेल्या सापालाही हात नको, त्याचं डोकं काही काळ चावू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांनी तर पाळलेला सापही हाताळू नये, साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

मग तिची हौस भागवायची कशी? कात मिळाली तर सोनं. ओलसर, मऊ असेल तर साप जवळपास असू शकतो, तेव्हा थांबा. कोरडी झाली की मोठ्यांनी चिमट्याने उचलून पारदर्शक डब्यात बंद करावी, मग हात साबणाने धुवावेत. डबा उजेडात धरून भिंग द्या. पाठीवर बारीक खवल्यांची जाळी दिसेल, पोटाकडे रुंद पट्ट्यांची एकच रांग. डोक्याचा भाग शाबूत असेल तर डोळ्यांच्या जागी दोन गोल, काचेसारख्या चकत्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचं हे पारदर्शक आवरणही तो कातीबरोबर टाकतो. कात टाकण्याआधी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात. हे सांगितल्यावर ती विचारेल, "मग तो झोपतो कसा?" उघड्या डोळ्यांनी, असं सांगा.

भिंतीवरची चित्रं आज परत लावा. लावताना तिला विचारा, पाठीवरचे खवले आणि पोटावरचे खवले तू एकसारखे काढलेस की वेगळे?