जुन्या ब्लॅक अँड व्हाइट हॉररमध्ये माणसाचा राक्षस होताना मध्ये कटच दिसत नाही, ते कसं केलं असेल?

कट दिसत नाही म्हणताय म्हणजे तुम्ही बहुतेक १९३१ चा 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' बघितलाय. डायरेक्टर रूबेन मामुलियन, हीरो फ्रेडरिक मार्च, तोच सज्जन डॉक्टर जेकिल आणि तोच त्याचा राक्षसी अवतार हाइड. मीपण तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा तीनचार वेळा मागे नेऊन बघितला, म्हटलं कुठेतरी जोड सापडेल, पण नाहीच सापडला.

कारण चेहरा काळवंडत जातो त्या शॉटमध्ये जोड नाहीचये. मेकअप आधीपासूनच तोंडावर असतो, फक्त आपल्याला दिसत नसतो. लाल रंगाने सुरकुत्या, सावल्या काढलेल्या आणि लेन्सपुढे लाल फिल्टर, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर तो लाल रंग त्वचेत मिसळून जातो. मग फिल्टर हळूहळू बदलत हिरव्याकडे नेला की तोच लाल काळा पडतो आणि चांगला उजळ चेहरा बघता बघता भेसूर होतो. पटत नसेल तर पांढऱ्या कागदावर लाल पेनाने काहीतरी लिहा आणि लाल जिलेटीन पेपरमधून बघा, अक्षरं जवळजवळ गायब. हिरव्यातून बघितलं तर ठळक काळी.

कॅमेरामन कार्ल स्ट्रस, त्याने हीच ट्रिक आधी १९२५ च्या 'बेन-हर'मध्ये उलटी वापरली होती, कुष्ठरोगी बरे होतात तिथे. मामुलियनने मात्र हे गुपित बरीच वर्षं कोणाला सांगितलंच नाही. आणि मला विचाराल तर ही ट्रिक या गोष्टीला जेवढी फिट बसते तेवढी दुसऱ्या कुठल्याच पिक्चरला बसली नसती, कारण इथे हाइड बाहेरून येत नाही, तो जेकिलच्या तोंडावर पहिल्यापासून बसलेलाच आहे, उजेड बदलला एवढंच.

अर्थात फिल्टरने दात आणि केस उगवत नाहीत. त्यासाठी कॅमेरा गरागरा फिरवणं वगैरे उद्योग केलेत आणि पूर्ण मेकअपमधला हाइड माकडासारखा दिसतो, ते दात बघून आज थोडं हसूच येतं (मला तरी आलं). पण मार्चचं काम जबरदस्त आहे, बेस्ट अ‍ॅक्टरचं ऑस्कर मिळालं त्याला, वॉलेस बीरी या दुसऱ्या नटासोबत विभागून.

बाकीच्या पिक्चरमध्ये सहसा डिझॉल्व्ह असायचा, म्हणजे एक शॉट विरत जातो तसा दुसरा त्यावर उमटत येतो. १९४१ चा 'द वुल्फ मॅन' घ्या, नटाला हलू द्यायचं नाही, थोडे केस चिकटवायचे, शूट करायचं, अजून चिकटवायचे, परत शूट, आणि सगळे तुकडे एकमेकांत विरघळवायचे. छान दिसतं पण जोड कळतोच.

परत बघणार असाल तर १९३१ चाच शोधा, १९४१ चा स्पेन्सर ट्रेसीवाला 'जेकिल' वेगळा आहे. तो काढताना एमजीएम स्टुडिओने या जुन्याचे हक्क विकत घेऊन याला कित्येक वर्षं दाबून ठेवलं होतं, म्हणून खूप जणांना हा माहीतच नाही. आणि हेडफोन लावून बघा, बदलाच्या सीनमध्ये जी धडधड ऐकू येते ती खुद्द मामुलियनच्या छातीची आहे, जिने धावत चढून-उतरून आल्यावर रेकॉर्ड केलेली.