मिनिओवरचं बकेट चार सर्व्हरना एकच फोल्डर म्हणून कसं द्यावं?

ऑफिसात मिनिओ (फाइली 'ऑब्जेक्ट' म्हणून 'बकेट' नावाच्या कप्प्यांत ठेवणारं स्टोरेज सॉफ्टवेअर) आहे, त्यातलं बकेट चार लिनक्स सर्व्हरवर एकाच फोल्डरसारखं दिसायला हवं, तर एस३एफएस (बकेट फोल्डरसारखं जोडून देणारं साधन) लावू का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं वाचायचं असेल तर खुशाल लावा. चारही ठिकाणांहून लिहायचं असेल तर नको.

आम्ही आधी तेच लावलं होतं. एकाने फोल्डरच्या नावातली चूक दुरुस्त करायला एमव्ही (नाव बदलायची कमांड) मारलं. बकेटमध्ये खरा फोल्डर नसतोच. नाव बदलायचं म्हणजे आतला एकेक ऑब्जेक्ट नव्या नावाने कॉपी करून जुना पुसायचा. मध्येच माउंट, म्हणजे सर्व्हरवर फोल्डर म्हणून केलेली जोडणी, पडलं. निम्म्या फाइली जुन्या नावाखाली, निम्म्या नव्या! त्या जुळवण्यात अख्खा शनिवार गेला.

मग जूसएफएसवर आलो. ती ओपन सोर्स फाइल सिस्टीम आहे. डेटा मिनिओतच राहतो, पण नावं, परवानग्या, कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत आहे हे सगळं वेगळ्या डेटाबेसात. त्यामुळे नाव बदलणं हे डेटाबेसातल्या नोंदीपुरतंच काम उरतं. मिनिओच्या कन्सोलवर मात्र तुमच्या फाइली नावाने सापडणार नाहीत, 'चंक्स'खाली आकड्यांची नावं असलेले, फार तर ४ एमबीचे ब्लॉक दिसतील. त्यातलं काहीही हाताने पुसू नका, आणि जुने ऑब्जेक्ट आपोआप उडवणारा लाइफसायकल नियम त्या बकेटवर असेल तर आजच काढा.

डेटाबेस कुठला? सुरुवातीच्या उदाहरणांत एसक्यूलाइट असतं, ते एकाच मशीनपुरतं. दुसऱ्या सर्व्हरवर माउंट करता येत नाही. रेडिस वेगवान, पण सगळं रॅममध्ये: फाइलमागे साधारण ३०० बाइट, म्हणजे १ कोटी फाइलींना ३ जीबी. तुमच्या आकाराला मी पोस्टग्रेस घेईन, कारण त्याचा बॅकअप घ्यायची सवय बहुतेकांना असते. आणि हा बॅकअप रोज, दुसऱ्या मशीनवर हवाच. डेटाबेस बॅकअपशिवाय गेला तर मिनिओत सगळे ब्लॉक शाबूत असूनही त्यांच्या फाइली जोडता येत नाहीत.

जूसएफएसमधला राइटबॅक हा पर्याय सुरुवातीला बंदच ठेवा. तो चालू असला की लिहिलेलं आधी त्या सर्व्हरच्या डिस्कवर थांबतं. ती डिस्क गेली तर तेही गेलं.

माउंट करण्याआधी चारही सर्व्हरवर आयडी कमांड मारून यूआयडी (प्रत्येक यूजरचा आकडा) जुळतात का बघा. नाहीतर एकावर तुमची असलेली फाइल दुसऱ्यावर भलत्याच्याच नावाने दिसेल.